फेसाळ पेशींचे कोडे : कुष्ठजंतू, मानवी मेद आणि परळची प्रयोगशाळा

तीव्र कुष्ठरोग झालेल्या रुग्णाच्या त्वचेचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की एक विलक्षण दृश्य दिसते. जंतूंना गिळून संपवणे हे ज्यांचे काम, त्या महाभक्षक पेशी साबणाच्या फेसासारख्या बुडबुड्यांनी भरून फुगलेल्या असतात आणि त्या फेसात जंतूंचे जुडगे निवांत पडलेले असतात. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ विर्चो यांनी १८६० च्या दशकात या पेशींचे वर्णन केले. आजही त्या त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. तेव्हा रोगाचा जंतू कोणालाच ठाऊक नव्हता. नॉर्वेतील बर्गेन येथे गेरहार्ड आर्मायर हान्सेन यांना तो दिसला १८७३ मध्ये.

पेशीतील ते बुडबुडे रिकामे भासतात, पण तो छेद तयार करण्याच्या पद्धतीचा परिणाम आहे. अल्कोहोल व झायलीनमधून ऊती धुतली जाते तेव्हा मेद विरघळून निघून जातो आणि मागे पोकळी राहते. ऊती गोठवून छेद घेतला व मेदाला रंगवणारे सुदान रंजक वापरले, की पोकळ्या भरलेल्या दिसतात. प्रश्न एवढाच की हा मेद कोणाचा?

पुष्कळ काळ याचे उत्तर गृहीत धरले गेले : मेद जंतूचाच. गृहीतक अगदीच निराधार नव्हते. क्षय आणि कुष्ठ यांचे जंतू एकाच कुळातले. त्यांचे कवच मेणचट मेदांचे असते आणि म्हणूनच एकदा चढलेला रंग आम्लाने धुतला तरी उतरत नाही. पुढे १९८० च्या सुमारास केवळ कुष्ठजंतूच बनवतो असा एक मेद रुग्णांच्या ऊतींत मुबलक सापडला, तेव्हा तर शंकेला जागाच उरली नाही.

खातरजमा करण्याचा राजमार्ग म्हणजे जंतू शरीराबाहेर वाढवायचा आणि तो काय खातो, काय बनवतो ते पाहायचे. तेच तर होत नव्हते. हान्सेन यांच्यापासून अनेकांनी प्रयत्न केले, यशाचे दावेही केले; टिकला एकही नाही.

या प्रयत्नांच्या मालिकेत मुंबईचे एक प्रकरण आहे. भारतातील विकृतिशास्त्राचे जनक म्हणून ओळखले जाणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर हे परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे पहिले संचालक. कर्करोगाइतकाच कुष्ठरोग त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. रोगाच्या आरंभीच्या व्रणांची बारकाईने तपासणी करून, जंतू अगदी सुरुवातीलाच मज्जातंतूंत शिरतो, याकडे त्यांनी लक्ष वेधले. त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. कमल रणदिवे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून आलेल्या. डॉक्टरेटनंतर त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतिसंवर्धन शिकल्या. ज्यांच्या प्रयोगशाळेत सुप्रसिद्ध हेला पेशी प्रथम वाढल्या, तेच हे गाय. परतल्यावर रणदिवे यांनी केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली.

डॉ. सी. व्ही. बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामामागचा तर्क मला आजही देखणा वाटतो. जंतूला मज्जातंतू प्रिय असेल, तर त्याला मांसरसाच्या बशीत न ठेवता मज्जातंतूच्याच शेजारी ठेवावे. मानवी गर्भाच्या कण्यालगतच्या चेतागुच्छांतील पेशी वाढवून त्यांच्या सान्निध्यात रुग्णाच्या गाठीतील जंतू सोडले गेले आणि रंग आम्लाने न उतरणारा एक जंतू वाढू लागला. संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तो ‘आयसीआरसी’ जंतू म्हणून ओळखला गेला. मज्जातंतूंभोवतीचे मायलिनचे आवरण बहुतांशी मेदाचे व कोलेस्टेरॉलने समृद्ध असते, हे आज वाचताना लक्षात आल्यावाचून राहत नाही. पण त्यांच्या मनात मेद होता असे म्हणणे म्हणजे आपले ज्ञान त्यांच्या पदरी बांधणे. ते जंतूचे घर शोधत होते, आहार नव्हे.

पुढे हा जंतू साध्या कृत्रिम माध्यमावरही वाढू लागला आणि इथेच शंकेची पाल चुकचुकली. अखेर त्याची गणना मायकोबॅक्टेरियम एव्हियम-इंट्रासेल्युलेअर या वेगळ्या गटात झाली. तरीही काम वाया गेले नाही. डॉ. एम. जी. देव यांनी त्याच जंतूपासून कुष्ठरोगावरील लस विकसित केली. डॉ. मोहन गुप्ते व सहकाऱ्यांनी तमिळनाडूत चेंगलपट्टू भागात केलेल्या तौलनिक चाचणीत, १९९८ च्या अहवालानुसार, तिने ६५.५ टक्के संरक्षण दिले. नुसत्या बीसीजीने ३४.१ टक्के.

मेदाच्या प्रश्नाचा धागा मात्र क्षयाच्या बाजूने पुढे सरकला. सेगल व ब्लॉक यांनी १९५६ मध्येच दाखवले होते, की उंदराच्या फुप्फुसातून काढलेले क्षयजंतू मेदाम्ले मिळाली की श्वसन वाढवतात, ग्लुकोजकडे मात्र दुर्लक्ष करतात. बशीत वाढलेला जंतू आणि शरीरातला जंतू यांचा आहारच निराळा! क्षयजंतू यजमानाचे कोलेस्टेरॉल ‘एमसीई४’ या प्रथिनसमूहाद्वारे आत ओढतो, हे अमित पांडे व ख्रिस्तोफर ससेट्टी यांनी २००८ मध्ये सिद्ध केले.

त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या गटाने विर्चो यांच्या पेशींकडे नव्याने पाहिले. तीव्र कुष्ठाच्या व्रणांत मानवी मेद-चयापचयाची जनुके चेतलेली होती आणि साठलेल्या मेदात यजमानाची, म्हणजे आपली, ऑक्सिडीकृत फॉस्फोलिपिडे होती. तीच प्रतिकारशक्तीला मंदावत होती. जपान व ब्राझीलमधील संशोधनातून आणखी तपशील मिळाले : जिवंत जंतू शिरला की पेशी मेदाचे थेंब साठवू लागते आणि ते जंतूच्या कप्प्याभोवती गोळा होतात, मृत जंतू घातले तर हा साठा टिकत नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणावे, तर हा नागोबा बिळात कोठारही भरून घेतो.

या परावलंबनाची किंमत त्याच्या जनुकसंचात दिसते. २००१ मध्ये तो वाचला गेला तेव्हा सुमारे १,६०० कार्यरत जनुकांच्या जोडीला १,१०० हून अधिक मृत जनुके आढळली. क्षयजंतूकडील ‘एमसीई४’ त्याने गमावले आहे. तो कोलेस्टेरॉल जमवतो, पण इंधन म्हणून जाळू शकत नाही. तरी पेशीची कोलेस्टेरॉल-निर्मिती स्टॅटिन औषधांनी रोखली, तर त्याचे जगणे अवघड होते. न खाता येणारे कोठार त्याला कशासाठी हवे, हा प्रश्न अद्याप खुला आहे. पामिटिक आम्ल हे मेदाम्ल मात्र तो जाळतो. किरणोत्सारी कार्बनयुक्त पामिटिक आम्ल देऊन बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजायचा, ही न वाढणारा जंतू जिवंत आहे का ते ओळखण्याची एक पद्धतच १९८० च्या दशकात रूढ झाली.

जगातील नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही दरवर्षी भारतात नोंदले जातात. जंतू सुमारे दोन आठवड्यांत एकदा दुपटतो आणि कृत्रिम माध्यमावर अजूनही वाढत नाही. औषधाने तो खरोखर मरतो का, हे वाढवून पाहायचे असेल, तर १९६० मध्ये चार्ल्स शेपर्ड यांनी शोधलेली रीत आजही वापरावी लागते : जंतू उंदराच्या तळपायात टोचायचे आणि कित्येक महिने थांबायचे.