गुत्ता : एका शब्दाचा व एका व्यवसायाचा इतिहास

मद्यविक्रीच्या जागेला मराठीत जी नावे आहेत, ती दोन गटांत विभागता येतात. काही नावे जागेची आहेत. 'पिठा' हा शब्द पाहावा. लाकडाचा पिठा, तसा दारूचा पिठा. एकाच जिनसाच्या विक्रीचे ठिकाण एवढाच त्याचा अर्थ. गोव्यातील 'तावेर्न' हा पोर्तुगीजांकडून आलेला शब्दही घराचेच नाव होय. परंतु 'गुत्ता' या शब्दाची गोष्ट निराळी आहे. या शब्दात ना घर आहे, ना पेय, ना पिणारा. त्यात आहे तो एक करार. कराराचे नाव दुकानाला का पडावे, या प्रश्नाचा विचार केल्यास या व्यवसायातील नफ्याचे मूळही हाती लागते, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कन्नडमध्ये 'गुत्तिगे' आणि तेलुगूमध्ये 'गुत्त' या शब्दांचा अर्थ ठेका अथवा खंड असा आहे. मराठवाड्यात रस्ता वा इमारत बांधणाऱ्या ठेकेदाराला 'गुत्तेदार' म्हणतात, आणि त्या संबोधनात मद्याचा गंधही नसतो. म्हणजे हा मूळ अर्थ मराठीतूनही लुप्त झालेला नाही. 'दारूचा गुत्ता' म्हणजे दारू विकण्याचा ठेका. पुढे या समासातुल्य प्रयोगातील पहिले पद गळाले, आणि 'तो गुत्त्यावर गेला' एवढे म्हटले की श्रोत्याला सर्व काही समजू लागले. अर्थसंकोचाचे हे सरळ उदाहरण आहे. मात्र असा संकोच सहसा तेव्हाच घडतो, जेव्हा अनेक ठेक्यांपैकी एकच ठेका लोकांच्या नित्य दृष्टीस पडत असतो.

पूर्वीची स्थिती अशी नव्हती. 'कलाल' हे जातिवाचक नाव संस्कृत 'कल्यपाल' या शब्दापासून आलेले आहे. ते धंद्याचे व कसबाचे नाव होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण आहे. तेथील 'पानागार' हे खरोखरच पानाचे आगार आहे : अनेक दालने, निरनिराळी शय्यासने, गंध, माल्य व उदक यांची व्यवस्था, आणि ग्राहकांवर नजर ठेवणारे हेरही. सुरा उधारीवर देऊ नये, असा दंडकही त्यात आहे. राज्याचा लाभ तेथे लपविलेला नाही. तथापि शब्द घराचाच राहिला आहे.

मुंबई इलाख्यात या व्यवसायाचे स्वरूप पालटले ते मुख्यतः १८७८ च्या अबकारी कायद्याने. 'अबकारी' हा फारसी शब्द. आब म्हणजे पाणी. पाण्याच्या या कारभारातून सरकारी तिजोरीत मोठी रक्कम येई. नव्या व्यवस्थेत गावोगावच्या भट्ट्या बंद करून मोठ्या भट्ट्यांतून, सरकारी देखरेखीखाली, मोहाची दारू काढण्याचे धोरण आले. दारूवर तिच्या तीव्रतेप्रमाणे कर, ताडी काढावयाच्या झाडावर निराळा कर, आणि विकण्याच्या हक्काची निराळी किंमत. चैत्राच्या सुमारास पडणारी मोहाची फुले वाळवून घरी दारू काढणारा आदिवासी एका पिढीत गुन्हेगार ठरला. १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावर व विकण्यावरही निर्बंध आले. माडावर चढणाऱ्या भंडाऱ्याचे कसब कायम राहिले, पण कसबाची मिळकत झाडावरच्या करात जाऊ लागली. कलाल आणि भंडारी मागे पडून 'गुत्तेदार' पुढे येतो तो येथे.

या गुत्तेदाराचा हिशेब कसा होता? हक्क मिळविताना बोली चढत असे आणि कबूल केलेली रक्कम विक्री होवो वा न होवो, भरावीच लागे. माल ठरलेल्या भट्टीचा, कर ठरलेला. हाती राहत ती जागा, वेळ आणि माप. जागा गिरणीच्या अथवा बाजाराच्या वाटेवर हवी. वेळ पगाराच्या दिवसाची साधली पाहिजे. नित्याचे गिऱ्हाईक तुटू नये म्हणून कौटिल्याने निषिद्ध मानलेली उधारीही हवी. मापाचे गणित तर फारच बोलके आहे. दारू २५ अंश व ६० अंश 'अंडर प्रूफ' अशा दोन तीव्रतांची विकली जाई. म्हणजे प्रमाण तीव्रतेच्या शंभर भागांपैकी एकीत ७५ व दुसरीत ४० भाग. पहिल्या प्रकारच्या एका गॅलनात सात अष्टमांश गॅलन पाणी मिसळले की सुमारे पावणेदोन ते दोन गॅलन दुसऱ्या प्रकारची दारू होते. ज्याची बोली त्याच्या ऐपतीबाहेर चढली, त्याला हे पाणी केवढा मोह घालीत असेल, हे सांगावयास नको. शिवाय चोरून गाळलेली दारू म्हणजे त्याचे प्रत्यक्ष नुकसान. त्यामुळे तो सरकारचा बिनपगारी पहारेकरीही बनला.

तात्पर्य, गुत्त्याचा नफा दारूच्या गुणातून निघत नव्हता. तो इतरांना विकण्यास असलेल्या मनाईतून निघत होता. त्या मनाईची किंमत सरकार आगाऊ वसूल करी आणि ती मजुराच्या मजुरीतून भरून काढण्याचे काम गुत्तेदारावर येई. या व्यवहारातील थोरल्या भागीदारास महात्मा फुले यांनी बरोबर ओळखले होते. १८८० साली पुणे नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी शहरात दारूची दुकाने वाढविण्यास लेखी हरकत घेतली, ती दुकानदाराकडे नव्हे, तर अधिकाऱ्याकडे. १९०८ मध्ये टिळकांच्या प्रेरणेने पुण्यात दुकानांपुढे निरोधन झाले, तेव्हा सरकारने स्वयंसेवकांनाच आवरले. लोकनिंदा मात्र सदैव दुकानदाराच्या वाट्यास आली. त्याचे पाप सर्वांना दिसे, कारण त्याचे दुकान रस्त्यावर होते.

१९४९ च्या दारूबंदी कायद्याने हा अध्याय संपावयास हवा होता. पण पिण्यासाठी परवाना लागू लागला आणि पुढे निर्बंध सैल झाल्यावर परवानाधारकाने बसून पिण्याची जागा 'परमिट रूम' म्हणून ओळखली जाऊ लागली. महाराष्ट्रातील गावोगावच्या पाट्यांवर हे नाव आजही दिसते. त्याच्या अर्थाकडे सहसा कोणी लक्ष देत नाही, परंतु ही घटना 'गुत्ता' या शब्दाच्या घटनेहून भिन्न नाही. पुन्हा एकदा सरकारी कागदाचे नाव घराला पडले, आणि परवान्याची फी हा पुन्हा धंद्याच्या हिशेबातील एक मोठा आकडा झाला.

भाषा नीतीचा उपदेश करीत नाही. ती फक्त नोंद ठेवते. कौटिल्याने घराला घराचे नाव दिले. आपल्या पूर्वजांनी त्याला कराराचे नाव दिले, आणि आपण परवान्याचे दिले. या व्यवसायात धनी कोण, असा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारला, तर त्याचे उत्तर पाटीवरच लिहिलेले आहे.