खालून की पोटावरून?

बोर्ली पंचतनमधल्या एखाद्या बाईला डॉक्टरांनी गर्भपिशवी काढायला सांगितली, की घरात खर्चाचा हिशेब सुरू होतो. श्रीवर्धनला जायचं, माणगावला की थेट मुंबईला, याची चर्चा होते. पिशवी खालून काढणार, पोटावरून की दुर्बिणीतून, हे मात्र बहुधा डॉक्टरांवरच सोडलं जातं. तो प्रश्न तिनं स्वतः विचारायला हवा. अंथरुणावरचे दिवस बरेचसे त्याच्या उत्तरावर ठरतात.

तिन्हींत जुनी वाट खालची. 1813 साली जर्मनीतल्या ग्यॉटिंगेनला कोनराड लांगेनबेक यांनी कर्करोग झालेली गर्भपिशवी योनिमार्गे काढली. भूल तेव्हा नव्हती. मदतीला आलेला सर्जन संधिवातानं इतका जखडलेला, की त्याला खुर्चीतून उठता येईना. रक्त वाहू लागलं तेव्हा लांगेनबेक यांनी डाव्या हातानं जखम दाबली आणि दोऱ्याचं एक टोक दातांत धरून उजव्या हातानं गाठ मारली. बाई वाचली. सहकाऱ्यांचा विश्वास बसला नाही. 26 वर्षांनी ती वारली, शवविच्छेदन झालं, तेव्हा कुठे लांगेनबेक खरे ठरले.

पोटाची वाट नंतरची. 1843 मध्ये मँचेस्टरच्या चार्ल्स क्ले यांची रुग्ण दगावली. 1853 मध्ये अमेरिकेत वॉल्टर बर्नहॅम यांची वाचली. पुढे भूल आणि निर्जंतुकीकरण आलं, पोट उघडणं सुरक्षित झालं, आतलं सगळं डोळ्यांना दिसू लागलं आणि तीच शस्त्रक्रिया रूढ झाली. दुर्बिणीची वाट 1988 ची, हॅरी राइक यांची.

आधीचं सिझर आहे, अंग खाली उतरलेलं नाही, पिशवी मोठी आहे, अशी कारणं देऊन खालची वाट नाकारली जाई. मुंबईचे डॉ. शिरीष शेठ यांनी ही कारणं शस्त्रक्रियेच्या टेबलावर पारखली. सिझरच्या व्रणामुळे मूत्राशय पिशवीला मध्यभागी चिकटतं. शेठ बाजूच्या मोकळ्या जागेतून शिरून ते अलगद सोडवत. पोटावर जखमच नसल्यानं बाई लवकर हिंडूफिरू लागते, म्हणून शक्य असेल तिथे खालचाच मार्ग घ्यावा, असं आज अमेरिकेतली स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते.

सगळ्यांना तो जमत नाही. फार मोठ्या गाठी, आतली चिकटण, बीजकोशात संशयास्पद गाठ असेल तर पोट किंवा दुर्बीण लागते. अधल्यामधल्या रुग्णांसाठी शेठ यांनी 'ट्रायल'चा आग्रह धरला: भूल दिल्यावर पुन्हा तपासायचं, सुरुवात खालून करायची, अडलं तरच पोटावर सुरी लावायची. त्यासाठी दोन्हींची संमती आधीच घेऊन ठेवावी लागते.