चकाकीचे मांस

जपानी गृहिणी डुकराच्या मांसाचे चॉप ज्या रीतीने रांधतात, तिला ‘तेरियाकी’ म्हणतात. ‘तेरी’ म्हणजे चकाकी आणि ‘याकी’ म्हणजे भाजणे. जाड काप तव्यावर दोन्ही बाजूंनी तांबूस करून घेतात; मग सोयाबीन व गहू आंबवून केलेला ‘शोयू’, तांदळाचे गोड मद्य ‘मिरिन’ आणि थोडी साखर त्यांवर ओततात. पाणी आटते, पाक दाट होतो आणि मांसावर लाखेसारखा चढतो. कृती पंधरा-वीस मिनिटांची. तिच्यामागचा इतिहास मात्र तेराशे वर्षांहून जुना आहे आणि त्याचा एक धागा गोव्याशी जुळलेला आहे.

इ. स. ६७५ मध्ये सम्राट तेम्मूने गाय, घोडा, कुत्रा, माकड व कोंबडी यांचे मांस वर्षातील काही महिने निषिद्ध ठरविले. रानडुक्कर त्या यादीत नव्हते. पण बौद्ध आचाराच्या प्रभावाने पुढे चतुष्पादांचे मांस एकंदरीतच निंद्य मानले जाऊ लागले. ज्यांना मोह आवरत नसे, ते रानडुकराला ‘डोंगरातला देवमासा’ म्हणत. मासा म्हटला की पाप उरत नाही! पळवाट शोधण्यात मनुष्यप्राणी कोणत्याच देशी मागे राहिलेला नाही.

१५४९ साली फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून कागोशिमास पोहोचला, आणि १५७१ पासून नागासाकी हे पोर्तुगीज जहाजांचे बंदर झाले. गाई-घोडे का खाता, असा जाब १५८७ साली हिदेयोशीने या पाहुण्यांना विचारला. गोव्यात असा जाब विचारणारा कोणी नव्हता. तेथे प्रश्न विचारण्याचा अधिकार राज्यकर्त्यांकडेच होता. १५६० मध्ये स्थापन झालेल्या इन्क्विझिशनची नजर चुलीपर्यंत पोहोचली, आणि १७३६ च्या फर्मानाने तर हिंदूंप्रमाणे मिठावाचून भात शिजविण्यासही मनाई केली. तरीही हाताची चव कोणत्या फर्मानाने बदलते? मद्य आणि लसूण यांत मुरविलेले पोर्तुगीज मांस गोव्याच्या चुलीवर माडीच्या शिरक्यात आणि लाल मिरचीत शिजू लागले, आणि त्याचे विंदालू झाले.

जपानने १६३९ मध्ये पोर्तुगीजांना दारे बंद केली. नागासाकीत चिनी व्यापारी मात्र राहिले, आणि त्यांचे डुकराचे मांसही राहिले. चिनी व डच जहाजांतून साखर येत होतीच. शोयू आणि साखर यांत मंद आचेवर शिजविलेले तेथील ‘काकुनी’ हे तेरियाकी चॉपचे वडीलधारे नातलग म्हणता येईल. दक्षिणेकडील सात्सुमा प्रांतातही हे मांस खाल्ले जाई. शेवटचा शोगुन योशिनोबू याला त्याची इतकी आवड होती की, त्यावरून त्याला टोपणनावच पडले.

१८७२ च्या जानेवारीत सम्राट मेइजीने गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले. हे सर्वांना मानवले नाही. पुढच्याच महिन्यात विरोध करणाऱ्या दहा व्रतस्थांनी राजवाड्यात शिरण्याचा प्रयत्न केला, आणि त्यांतले काही जण पहारेकऱ्यांच्या हातून मारले गेले. अवघ्या सत्तावीस वर्षांनी, १८९९ मध्ये, तोकियोच्या गिंझा भागातील ‘रेंगातेई’ या उपाहारगृहात डुकराच्या मांसाचे कटलेट मिळू लागले. तेथून ते मांस घरोघर गेले. आणि घरच्या स्वयंपाकात शोयू व मिरिन आधीपासून होतेच. माशांसाठी सिद्ध झालेली चकाकी आता चॉपवर चढली.

दोन्ही पदार्थांचा स्वभाव मात्र निराळा. विंदालूचे मूळ समुद्रप्रवासात मांस टिकविण्यात आहे. म्हणून ते दुसऱ्या दिवशी अधिक मुरलेले लागते. तेरियाकीला असा धीर नाही. ताटात येताच ती खाल्ली पाहिजे. निवली की पाक थिजतो आणि ज्या चकाकीवरून तिला नाव मिळाले, तीच नाहीशी होते.