शितावरून भाताची परीक्षा



दुखण्याखुपण्याची माहिती विचारावयास दारी आलेल्या माणसाकडे संशयाने पाहण्याची आपली सवय जुनी आहे, आणि तिला इतिहासात कारणही आहे. सन १८९७ साली पुण्यात प्लेग पसरला असता गोऱ्या सोल्जरांनी घरोघर शिरून झडत्या घेतल्या. त्या जुलमाच्या संतापातूनच २२ जून रोजी प्लेग-अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. त्याच वर्षी, १० जानेवारीस, डॉ. हाफकिन यांनी मुंबईत स्वतः तयार केलेली प्लेगची लस प्रथम आपल्याच अंगात टोचून घेतली होती. जबरदस्तीने दारे बंद होतात, विश्वासाने ती उघडतात, हा धडा त्या एका वर्षाने शिकविला.

विश्वासाने दारे उघडली म्हणजे काय घडते, ते गडचिरोलीत दिसले. डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. शंभरांपैकी ९२ जणींना स्त्रीरोग आढळले. पूर्वी तपासणी झालेल्या मात्र शंभरांत अवघ्या ८. ही माहिती १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. तोपर्यंत हे दुःख पदराआड झाकलेले होते.

दुसरे उदाहरण आपल्या मराठवाड्यातीलच आहे. उस्मानाबाद (आजचे धाराशिव) जिल्ह्यात १९९९ साली सुरू झालेल्या अभ्यासात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया समाविष्ट होत्या. गर्भाशयमुखाचा कर्करोग कोणत्या तपासणीने टळतो, हा प्रश्न होता. एकदाच एचपीव्ही तपासणीस बोलाविलेल्या गटात त्या रोगाने ३४ स्त्रिया दगावल्या. तपासणीस न बोलाविलेल्या, साधारण तेवढ्याच मोठ्या गटात ६४. हा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. पुढे २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही याच तपासणीस प्राधान्य दिले. दुसऱ्या गटास तपासणीविना ठेवणे योग्य होते काय, यावर जाणत्यांनी कठोर टीकाही केली. ती टीका विसरू नये, तसेच त्या खेडुत भगिनींचे ऋणही विसरू नये.

'लाख घरे सोडून आमचेच घर का?' असे पुष्कळ जण विचारतात. शितावरून भाताची परीक्षा होते. मात्र शिते भांड्याच्या सर्व भागांतून घ्यावी लागतात. १९९२-९३ पासून वेळोवेळी झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत घरे अशाच रीतीने निवडली गेली. निवडलेल्या घराने दार लावले, तर भांड्याचा तो कोपरा अपरीक्षितच राहतो. तीर्थपुरीसारख्या गावची घरे गप्प राहिली, तर गावच्या गरजा कागदावर उमटणार तरी कशा?

यासाठी डोळे मिटून मान डोलवावी, असे माझे सांगणे नाही. आलेल्याचे ओळखपत्र पाहावे. पाहणी कोणाची व कशासाठी, नाव गुप्त राहील काय, रक्त घेणार असल्यास त्याचे काय करणार, हे स्पष्ट विचारावे. नकार देण्याचा व मधेच थांबण्याचाही आपणांस अधिकार आहे. परंतु समाधान झाल्यावर उत्तर खरे द्यावे. वय चोरू नये, दगावलेले मूल लपवू नये. आणि सुनेला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सासऱ्याने ओसरीवरून देऊ नये. ते तिचे तिलाच, एकांतात देऊ द्यावे.