जाणत्यांचीं अवजारें

अवजारें दोन जातींचीं असतात. एक जात पहिल्याच दिवशीं वाटेल त्याच्या हातांत चालते. दुसरी शिकाऊला दमविते, पण निष्णाताला वेग देते. मराठी लेखनाच्या इतिहासांत या दोन्ही जाती आढळतात.

मोडी ही दुसऱ्या जातीची लिपि होय. कारकून आधीं कागदावर आडवी रेघ ओढी, आणि मग बोरू होतां होईतों न उचलतां तिच्याखालीं अक्षरें लिहीत जाई. ऱ्हस्वदीर्घाचा भेद सहसा पाळीत नसत. शब्दांमध्यें अंतरहि ठेवीत नसत. अनभ्यस्ताला तें सारें गूढ वाटे. परंतु महसुलाचा व न्यायाचा पत्रव्यवहार रोज हाताळणाऱ्यास त्यामुळेंच वेग येई. पोथी बाळबोधींत आणि दप्तर मोडींत, अशी वांटणी शतकानुशतकें चालली.

संगणक आला तेव्हां तोच प्रश्न नव्या वेषांत उभा राहिला. १९९१ च्या भारतीय मानकांत आलेली इन्स्क्रिप्ट कळरचना वर्णमालेवर उभारलेली आहे. स्वर डाव्या हाताकडे, बहुतेक व्यंजनें उजवीकडे. क आणि ख एका कळीवर, ग आणि घ एका कळीवर. नवशिक्याला रोमन अक्षरांनीं मराठी लिहिणें सोपें वाटतें. परंतु 'मराठी' या शब्दाला इन्स्क्रिप्टमध्यें पांच कळी पुरतात, रोमन लेखनांत सात. शिवाय बंगाली किंवा तेलुगु लिहितांनाहि क त्याच जागीं सांपडतो. अमेरिकेंत डोनाल्ड क्नूथ यांनीं १९७८ सालीं पुढें आणलेली टेक ही छपाईची प्रणालीहि अशीच आहे: सर्व कांहीं आज्ञा लिहून करावें लागतें, तरी गणिताचे अभ्यासक तिला सोडीत नाहींत.

अशा साधनांचें आकर्षण निव्वळ अहंकाराचें नाहीं. तें साधन वापरणाऱ्याच्या बुद्धीवर विश्वास टाकतें आणि केलेल्या कष्टांची जन्मभर परतफेड करतें.

मात्र शिकविणारे थांबले कीं हेंच बळ व्यर्थ होतें. छापखान्याच्या खिळ्यांना बाळबोध मानवली; मोडी शाळेंतून गेली. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड संपादिले, तरी उरलेलें दप्तर वाचकाची वाट पाहतें. सोनाळ्यासारख्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गांवीं एखाद्या पेटींतून शेताचा मोडी कागद निघाला, तर पूर्वजांचा हक्क हातांत असूनहि तो वाचतां येत नाहीं. २०१४ सालीं युनिकोडनें मोडीला संगणकांत स्थान दिलें. अक्षरांस घर मिळालें, वाचक मिळाले नाहींत.

अवजार कठीण असणें हा दोष नव्हे. तें पुढच्या पिढीच्या हातीं न देणें हा दोष होय.