अज्ञानाची भूमिका : खेळाडूचे ज्ञान आणि पात्राचे ज्ञान

कथनमीमांसेत ‘कोण बोलतो?’ आणि ‘कोण पाहतो?’ हे दोन प्रश्न जेरार जेनेत याने १९७२ मध्ये एकमेकांपासून वेगळे केले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७४ मध्ये, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ अमेरिकेत प्रसिद्ध झाला, आणि ‘कोण जाणतो?’ हा तिसरा प्रश्न एका वेगळ्याच क्षेत्रात उभा राहिला. या प्रकारच्या भूमिकाखेळात काही जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एका कल्पित पात्राच्या वतीने बोलतो व निर्णय घेतो. सूत्रधार त्या पात्रांभोवतीचे जग वर्णन करतो आणि अनिश्चित कृतींचा निकाल फाशांवर लागतो. पात्राला जे ठाऊक असणे शक्य नाही, त्याचा उपयोग खेळाडूने करू नये असा येथे संकेत आहे. त्याच्या भंगाला ‘मेटागेमिंग’ म्हणतात. हा संकेत स्वयंसिद्ध मानला जातो. वस्तुतः त्याला इतिहास आहे.

त्याचे मूळ नाट्यकलेत नसून युद्धशिक्षणात आहे. प्रशियन लेफ्टनंट राइसवित्झ याने १८२४ मध्ये सिद्ध केलेल्या ‘क्रीगश्पील’मध्ये दोन्ही पक्ष आपल्या आज्ञा पंचाकडे लेखी देत, आणि शत्रूच्या ज्या तुकड्या प्रत्यक्ष रणांगणावर दिसल्या असत्या तेवढ्याच पंच नकाशावर मांडी. सेनापतीचे अज्ञान येथे अभिनयाने दाखवावे लागत नसे. ते खेळाडूचे खरेखुरे अज्ञान असे. १९६९ मध्ये मिनेसोटात डेव्हिड वेस्ली याने ‘ब्राउनश्टाइन’ या खेळात प्रत्येकाला एकेका व्यक्तीची भूमिका आणि स्वतंत्र उद्दिष्ट दिले, तेव्हाही पंचाजवळची गुपिते हाच व्यवस्थेचा आधार होता. १९७४ च्या खेळात भुयारांचा नकाशा सूत्रधाराजवळ झाकलेला असे. खेळाडू त्याचे वर्णन ऐकून आपला नकाशा काढीत. खेळाडू आणि पात्र दोघेही एकाच अंधारात चाचपडत होते.

ही एकरूपता भंगली ती छापील पुस्तकामुळे. या खेळातील ट्रोल नामक राक्षसाच्या जखमा आपोआप भरून येतात. अग्नी किंवा आम्ल यांनीच त्याचा कायमचा नाश होतो. ही माहिती मूळ पुस्तिकांत आणि पुढे १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये कोणालाही विकत मिळत होती. गायगॅक्सने १९७९ च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये प्रहाराचे तक्ते सूत्रधारापुरते राखून ठेवले आणि खेळाडूंनी तो ग्रंथ बाळगू नये असे बजावले. परंतु जो ग्रंथ दुकानात मिळतो, त्याचे गुपित राखणे ग्राहकाच्या सद्सद्विवेकावरच सोपवावे लागते. पूर्वी पंचाने व्यवस्थेने राखलेले अज्ञान आता खेळाडूने नीतीने पाळावयाचे ठरले. १९८४ च्या ‘पॅरानोइया’ या खेळाने या स्थितीचे विडंबनच केले : तेथे नियम ठाऊक असल्याचे दाखविणे हाच राजद्रोह!

समाजशास्त्रज्ञ गॅरी अ‍ॅलन फाइन याने १९८३ मध्ये गॉफमनच्या चौकट-विश्लेषणाच्या आधारे व्यक्ती, खेळाडू आणि पात्र असे तीन स्तर दाखविले. स्तरांचे हे वर्णन मान्य केले तरी एक अडचण शिल्लक राहते. अग्नीचे रहस्य जाणणाऱ्या खेळाडूने आपल्या पात्राकरवी आधी किती वेळा तलवारच चालवावी? लगेच मशाल उचलली तर ती लबाडी ठरते. मुद्दाम उचलली नाही, तर तोही त्या ज्ञानानेच घेतलेला निर्णय असतो. अजाण माणसाला सहज सुचू शकली असती ती मशाल जाणत्याला आता प्रामाणिकपणे उचलताच येत नाही. ज्ञान बाजूला ठेवता येते हा समजच येथे कोसळतो. ठेवता येतो तो फक्त हेतू.

याची जाणीव काही खेळांच्या रचनेतच दिसते. १९८१ च्या ‘कॉल ऑफ कथुलू’मध्ये निषिद्ध ज्ञान जसजसे वाढते तसतशी पात्राच्या मानसिक संतुलनाची कमाल मर्यादा खाली येते. ग्रंथ उघडणे घातक आहे हे खेळाडू जाणतो, आणि तरीही पात्राला तो उघडू देतो. ज्ञानाचा उपयोग येथे होतोच, फक्त तो पात्राच्या हिताविरुद्ध आणि कथेच्या बाजूने होतो. जेसन मॉर्निंगस्टारच्या ‘फियास्को’ (२००९) मध्ये तर सूत्रधारच नाही. पात्रांचे परस्परसंबंध सर्वांदेखत जुळविले जातात आणि पुढचा विनाश सारे मिळून घडवितात.

तेव्हा ज्ञानाच्या या विभाजनाकडे केवळ सचोटीची कसोटी म्हणून पाहणे अपुरे आहे. शोकात्म नाटकाच्या प्रेक्षकाला नायकाहून अधिक ठाऊक असते, पण तो हतबल असतो. नाटककार सर्व जाणतो, पण तो रंगमंचाबाहेर असतो. भूमिकाखेळातील खेळाडू एकाच वेळी जाणता प्रेक्षक आणि अजाण पात्राचा कर्ता असतो. या दुहेरी स्थानाचा विचार केल्याशिवाय या खेळांतील कथनाची मीमांसा पुरी होणार नाही.