पिनकोड म्हणजे पत्ता नव्हे

मंडळी, डायनरमध्ये सकाळी 'हॅश ब्राउन्स' आपण सगळ्यांनीच खाल्लेत. बटाटा इतका बारीक करायचा की मूळ बटाटा ओळखूही येऊ नये. आमच्या कम्प्युटरच्या धंद्यातलं 'हॅश' तेच करतं. नाव, फोन नंबर, काहीही घ्यायचं आणि चिरून-कुटून त्याचा एक आकडा बनवायचा. या आकड्याने मला एकदा चांगलाच धडा शिकवला. त्याचं उत्तर सत्तर वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेलं होतं, हे मला नंतर कळलं.

जानेवारी १९५३. आयबीएममध्ये हान्स पीटर लून नावाचे इंजिनिअर होते. जन्म जर्मनीतला, आधीचा अनुभव कापडधंद्यातला. क्रेडिट कार्डाचा एखादा आकडा चुकला की लगेच कळतं ना, ती युक्तीही यांचीच. भल्यामोठ्या यादीतून एक नोंद चटकन कशी काढायची, यावर त्यांनी कंपनीपुरतं एक टिपण लिहिलं. सगळी यादी चाळू नका, माहितीवरच छोटंसं गणित करा आणि येणाऱ्या आकड्याच्या कप्प्यात नोंद टाका. शोधताना तेच गणित करून थेट त्याच कप्प्याशी जा. एका कप्प्यात दोन नोंदी आल्या तर? त्यांची साखळी करा आणि तपासून हवी ती उचला.

१९५६ मध्ये अर्नोल्ड ड्यूमी यांनी मूळ संख्येने भागून बाकी घेण्याची पद्धत छापून प्रसिद्ध केली. पुढे सगळी शर्यत वेगाची. १९९१ मध्ये ग्लेन फाउलर आणि फाँग व्हो यांनी सुचवलेली आणि लँडन कर्ट नॉल यांनी सुधारलेली 'एफएनव्ही' पद्धत म्हणजे प्रत्येक बाइटला एक एक्सॉर, एक गुणाकार, बस्स! २००८ मध्ये ऑस्टिन अ‍ॅपलबी यांचं 'मर्मरहॅश' आलं. गुणा आणि फिरवा, म्हणून 'मर्मर'. यातलं काहीच गुपितं राखण्यासाठी नव्हतं. काम एकच, झटपट कप्पा सांगणं.

मी नेमकं हेच विसरलो. औषधं घरपोच पाठवणाऱ्या एका क्लायंटकडे दोन लाख ग्राहकांची यादी होती. मी नाव-पत्त्याचं ३२ बिटांचं मर्मरहॅश काढलं आणि तोच ग्राहकाचा ओळख नंबर केला. ४२९ कोटी आकडे उपलब्ध, टक्कर होतेय कशाला! पण गणित वेगळंच सांगतं. ७७ हजार नोंदींतच एक तरी टक्कर होण्याची शक्यता निम्मी असते. दोन लाखांत अशा चार-पाच जोड्या निघणारच. एका आजींची रक्तदाबाची गोळी दुसऱ्याच राज्यातल्या गृहस्थांकडे गेली. त्यांनी डबीवरचं नाव वाचलं आणि फोन केला, म्हणून निभावलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

नंतर लून यांच्या कल्पनेबद्दल वाचलं आणि पुण्यातले आमचे पोस्टमनकाका आठवले. ४११०३० म्हटलं की पत्र सदाशिव पेठेत येणार, पण वाड्यात जोशी तीन! काका पाकिटावरचं पूर्ण नाव वाचल्याशिवाय पत्र कधी देत नसत. लून यांनी साखळी ठेवली ती याचसाठी. मी पिनकोडलाच माणूस समजून बसलो होतो.

आणि कुणी मुद्दाम सगळी पत्रं एकाच वाड्यात पाठवली तर? डिसेंबर २०११ मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत अलेक्झांडर क्लिंक आणि युलियान वेल्डे यांनी तेच दाखवलं. एकाच कप्प्यात पडणारी नावं हजारोंनी पाठवली की सर्व्हर ती तपासण्यातच अडकून बसतो. त्यावर २०१२ मध्ये ज्याँ-फिलिप ओमासाँ आणि डॅनियल बर्नस्टाइन यांनी 'सिपहॅश' आणलं. त्यात एक गुप्त किल्ली असते, त्यामुळे कोण कुठल्या कप्प्यात पडणार हे बाहेरच्याला आधी कळत नाही. पायथन, रस्ट अशा भाषांनी ते स्वीकारलं.

मी आजही वेगवान हॅश वापरतो, अगदी रोज. फक्त कप्पा उघडला की आधी पूर्ण नाव वाचतो, पोस्टमनकाकांसारखं.